‘अप’ क्रियापदाचा, ‘विद’ नामाचा

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी फ्रेजल व्हर्ब (क्रियापदाला छोटे शब्द जोडून होणारे प्रयोग) दोन शब्दांचे असले तर फारसा त्रास होत नाही. ‘गिव्ह अप’, ‘टर्न ऑफ’, ‘लुक आफ्टर’ हे शाळेतच पाठ झालेलं असतं. घोळ होतो तो तिसरा शब्द आला की. ‘पुट अप विद’, ‘रन आउट ऑफ’, ‘कट डाउन ऑन’. कुणी शेवटचा शब्द गाळतं, कुणी भलताच लावतं, आणि बरेच जण असली वाक्यं टाळून ‘टॉलरेट’ आणि ‘रिड्यूस’वरच वेळ मारून नेतात. परदेशी ग्राहकांशी रोज बोलावं लागणाऱ्या टीममध्ये मी काम करते. नव्याने आलेल्यांना तोंडी जे सांगते, ते इथे एकदाचं लिहून काढते.

याद्या पाठ करू नका, हे पहिलं. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘गेट’ या एका क्रियापदाखाली डझनावारी जोड्या ओळीने दिलेल्या असतात. गेट अप, गेट ओव्हर, गेट अवे विद, गेट थ्रू टू. परीक्षेपुरतं ते चालतंही. पण बोलताना क्रियापद आठवतं आणि पुढचं सगळं एकमेकांत मिसळतं, कारण पाठ करताना त्यांच्यात ‘गेट’ सोडून समान काहीच नव्हतं.

त्यापेक्षा आपलंच व्याकरण आठवा. ‘खाली बस’ आणि ‘टेबलाखाली बस’. पहिल्या वाक्यातलं ‘खाली’ क्रियाविशेषण आहे, ते क्रियापदाच्या बाजूचं. दुसऱ्यातलं शब्दयोगी, ते नामाचं. मराठीत हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहितात आणि नामाचं सामान्यरूप होतं. इंग्रजीत सगळे शब्द सुटे, त्यामुळे कोण कुणाचं हे आपणच ओळखायचं. तीन शब्दांच्या प्रयोगांत ही वाटणी जवळपास ठरलेली असते: मधला शब्द क्रियापदाचा, शेवटचा पुढच्या नामाचा. ‘वी हॅव रन आउट’ इथे अर्थ पुरा झाला, आमच्याकडचं संपलं. काय संपलं ते सांगायचं तर ‘ऑफ मिल्क’. बोलताना श्वास घ्यायचाच असेल तर ‘आउट’नंतर घ्या, ‘ऑफ’नंतर नको.

हे एकदा कळलं की एक गोष्ट आपोआप सुटते. नाम गेलं की त्याचं शब्दयोगीही जातं. ‘आय कान्ट कीप अप विद हिम’, पण समोरच्यालाच सांगायचं असेल तर ‘स्लो डाउन, आय कान्ट कीप अप’. तिथे ‘विद’ लोंबकळत ठेवायचा नाही. मराठीत आपण हेच करतो: ‘माझं त्याच्याशी पटत नाही’ आणि ‘आमचं पटत नाही’. दुसऱ्या वाक्यात ‘शी’ कुणी शोधत बसत नाही. ‘आय डोन्ट गेट अलाँग विद हिम’ आणि ‘वी डोन्ट गेट अलाँग’ ही तीच जोडी.

मात्र सगळेच प्रयोग असे मोडता येत नाहीत. ‘पुट अप विद’मधला ‘विद’ काढला तर ‘सहन करणं’ हा अर्थच राहत नाही. नुसतं ‘पुट अप’ म्हणजे भिंतीवर काही लावणं, किंवा कुणाला घरी मुक्कामाला ठेवून घेणं. ‘कम अप विद’ (काहीतरी सुचणं, शोधून काढणं) आणि ‘लुक फॉरवर्ड टू’ यांचंही तसंच. हे मात्र अखंडच लक्षात ठेवावे लागतात. सुदैवाने रोजच्या बोलण्यात येणारे असे प्रयोग मोजकेच आहेत.

शेवटचा शब्द बदलला तर काय होतं, हे ऑफिसात नीट माहीत हवं. ‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हणजे चौकशी करून कळवते. ‘आय विल गेट बॅक ॲट यू’ म्हणजे तुझा सूड उगवीन. एका छोट्या शब्दाने ग्राहकाला धमकी जाते! ‘स्टँड अप फॉर समवन’ म्हणजे कुणाची बाजू घेऊन उभं राहणं, ‘स्टँड अप टू समवन’ म्हणजे त्याच्याच विरोधात ठामपणे उभं राहणं. ‘कॅच अप विद’च्या पुढे बहुधा माणूस येतो, ‘कॅच अप ऑन’च्या पुढे राहिलेलं काम, ईमेल, झोप. कधी एकाच वाक्यात दोन्ही येतात: ‘आय विल गेट बॅक टू यू ऑन धिस’. कुणाला, तर ‘टू यू’. कशाबद्दल, तर ‘ऑन धिस’. ‘फॉलो अप विद द व्हेंडर ऑन द इनव्हॉइस’ची रचनाही अशीच. हे वाक्य जसंच्या तसं उचलून ठेवा, रोज लागतं.

काही ठिकाणी अंदाज बांधता येतो. ‘आउट’नंतर पुष्कळदा ‘ऑफ’ येतो: ‘ड्रॉप आउट ऑफ कॉलेज’, ‘बॅक आउट ऑफ अ डील’, ‘ऑप्ट आउट ऑफ’. पण ‘मिस आउट ऑन’ आणि ‘रीच आउट टू’ आहेतच, तेव्हा डोळे झाकून भरवसा नको.

‘लुक फॉरवर्ड टू’ला वेगळा परिच्छेद द्यावा लागतो, कारण आपल्याकडच्या ईमेलांच्या शेवटी तो हमखास चुकतो. ‘टू’ दिसला की हात आपोआप ‘टू मीट’ लिहितो. इथला ‘टू’ शब्दयोगी आहे, त्याला नाम हवं, म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. खात्री करायची तर ‘टू’च्या पुढे ‘इट’ ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ जमतं, म्हणजे तिथे क्रियापदाचं ‘आयएनजी’ रूपच येणार. ‘गेट यूज्ड टू’ आणि ‘गेट अराउंड टू’ यांनाही हीच कसोटी लागू पडते.

दोन शब्दी प्रयोगांतही दुसरा शब्द कुणाचा, हे ‘इट’नेच कळतं. ‘टर्न इट ऑफ’ बरोबर, ‘टर्न ऑफ इट’ नाही; म्हणजे हा ‘ऑफ’ (off, ‘ऑफ मिल्क’मधला of नव्हे) क्रियापदाचा. ‘लुक आफ्टर इट’ बरोबर, ‘लुक इट आफ्टर’ नाही. म्हणजे ‘आफ्टर’ नामाचा. आघातही त्याप्रमाणे पडतो. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर, ‘लुक ॲट इट’मध्ये ‘लुक’वर. आपण मराठी माणसं इंग्रजीतला प्रत्येक शब्द सारख्याच वजनाने म्हणतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला हा इशारा मिळत नाही. उलट्या बाजूने, इंग्रजी मातृभाषा असलेले बोलतात तेव्हा नामाचा शब्द इतका बारीक होतो की आपल्याला ऐकूच येत नाही. ‘आउट ऑफ टाइम’चं ‘आउटा टाइम’ होतं. तिसरा शब्द गाळायची सवय काही अंशी इथूनही लागत असावी. इंग्रजी सबटायटल लावून काही बघितलंत तर कान पटकन तयार होतो. मराठी सबटायटलचा यासाठी उपयोग नाही.

आपल्याकडे रूढ झालेल्या दोन गोष्टी. ‘कोप अप विद’ भारतात सर्रास चालतं, बहुधा ‘कीप अप विद’च्या चालीवर, ब्रिटन-अमेरिकेत मात्र नुसतं ‘कोप विद’. आणि ‘आय पास्ड आउट इन ट्वेंटी नाइन्टीन’. आपल्याला यात पदवी दिसते, अमेरिकन माणसाला बेशुद्ध पडलेली व्यक्ती. त्याच्यासाठी ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. आपापसात ‘पासआउट’ खुशाल वापरा, त्यात मला काही गैर वाटत नाही.

वहीत उतरवताना क्रियापद एकटं लिहू नका. ‘कट डाउन ऑन’ एवढंही लिहू नका. ‘कट डाउन ऑन शुगर’ लिहा, आणि त्याखाली तुमच्या आयुष्यातली आणखी दोन नामं: चहा, मोबाइल, काहीही. मराठीत आपण ‘साखर कमी कर’ म्हणतो, तिथे साखरेला कुठलाच प्रत्यय नाही, म्हणून हा ‘ऑन’ विसरायला होतो. तो नामाबरोबर लिहिलेला असेल तर नामाबरोबर आठवतो. शब्दकोश शिकणाऱ्यांसाठी केलेला घ्या, ऑक्सफर्डचा किंवा लाँगमनचा, दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांत ‘समबडी’ आणि ‘समथिंग’ कुठे येतात ते छापलेलं असतं. अर्थ वाचायच्या आधी ती जागा बघा.