रिकॉल जाहीर झाला, पार्ट येईना: सुटलेल्या ट्रिमच्या दुरुस्तीचा पाठपुरावा कसा करावा

कंपनीकडून मेसेज येतो: आपल्या गाडीच्या बाहेरील ट्रिमच्या जोडणीत दोष असण्याची शक्यता आहे, जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्ती मोफत करून मिळेल. आपण फोन लावतो, तर "पार्ट अजून आला नाही, आला की आम्हीच कळवतो" असं उत्तर मिळतं. महिना उलटतो, कोणी कळवत नाही. पुन्हा फोन केला की दुसराच माणूस उचलतो आणि गाडी नंबरापासून सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. तोवर दारावरची पट्टी किंवा छताच्या कडेचं मोल्डिंग रोज थोडं थोडं सुटतच असतं.

या फेऱ्यात अडकलेल्या पुण्यातल्या गाडीमालकांसाठी हा लेख आहे. रिकॉलच्या कामात तोंडी बोलण्याला काही किंमत नाही. जॉब कार्ड (गाडीच्या कामाची सर्व्हिस सेंटरने केलेली लेखी नोंद), ईमेल, पोच आणि लेखी तारीख हाताशी असेल तर काम हलतं. नाहीच हललं, तर पुढे जिथे जिथे दाद मागायची तिथे हेच कागद लागतात.

ट्रिम म्हणजे शोभेची पट्टी नव्हे

"ते फक्त दिसण्यापुरतं आहे, गाडी बिनधास्त चालवा," असं काउंटरवर सांगितलं जातं. ते मान्य करू नका. गाडी चालवणाऱ्याला त्रास नसेलही, पण मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचं काय? हे शहर दुचाकींचं आहे. नवले पुलाच्या उतारावर किंवा महामार्गावर भरवेगात मीटरभर लांबीची पट्टी सुटून मागच्याच्या हेल्मेटवर आदळली, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत अशा दोषांवर सुरक्षेच्या कारणावरूनच रिकॉल झाले आहेत. मार्च २०२५ मध्ये टेस्लाने ४६,०९६ सायबरट्रक परत बोलावले. छताच्या कडेची स्टेनलेस स्टीलची पट्टी ज्या चिकट द्रव्याने बसवली होती ते हवामानाने ठिसूळ होत होतं आणि पट्टी सुटून रस्त्यावर पडण्याचा धोका होता. उपाय म्हणून वेगळं चिकट द्रव्य वापरून, वर नट-बोल्टची पकड देऊन नवी पट्टी बसवायचं ठरलं. त्याआधी २०२४ च्या सुरुवातीला फोर्डने २०११ ते २०१९ या वर्षांच्या सुमारे १९ लाख एक्सप्लोरर गाड्या परत बोलावल्या. तिथे पुढच्या काचेशेजारच्या खांबावरची ट्रिम धरून ठेवणाऱ्या क्लिपा नीट बसल्या नसण्याची शक्यता होती.

चिकट द्रव्य किंवा क्लिप, बहुतेक गाड्यांत घोळ या दोनपैकी एका जागी असतो. प्लास्टिक उन्हात पोलादाच्या पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त पसरतं. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत ही ओढाताण रोज होते, मग जूनमध्ये पाऊस येतो आणि सुटलेल्या फटीत पाणी आणि चिखल शिरतो. म्हणूनच पार्ट येईपर्यंत थांबू या म्हणताना मधल्या काळात ट्रिम आणखी सुटणार, हे धरून चालायला हवं.

आपली गाडी यादीत आहे का, ते पाहा

रिकॉल मॉडेलच्या नावावर ठरत नाही, चेसिस नंबरवर ठरतो. आरसीवरून तो १७ अक्षरी नंबर उतरवून घ्या. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, त्यामुळे ओसारखं दिसलं तर तो शून्य समजा. कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर हा नंबर टाकून तपासता येतं. वाहन उत्पादकांची संघटना सियाम २०१२ पासून ऐच्छिक रिकॉलची आचारसंहिता चालवते, तिच्या संकेतस्थळावरही रिकॉलची माहिती मिळते.

गाडी सेकंडहँड असेल तर हे आवर्जून करा. कंपनीचा मेसेज बहुधा पहिल्या मालकाच्या मोबाइलवर जातो. दुरुस्तीचा हक्क मात्र गाडीबरोबर येतो. कंपनीच्या नोंदीत आणि सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर आपला मोबाइल नंबर बदलून घ्या. वॉरंटी संपली आहे किंवा मागची सर्व्हिसिंग बाहेर केली आहे, या सबबीवर रिकॉलचं काम नाकारलं तर ते नाकारणं लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक सबबी गळून पडतात.

आणखी एक विचारून घ्या: हा रिकॉल आहे की सर्व्हिस कॅम्पेन? सर्व्हिस कॅम्पेन कंपनी आपल्या सोयीने, गाजावाजा न करता चालवते, आणि कधीकधी गाडी सर्व्हिसिंगला आली तरच काम करते. उत्तर ईमेलवर घ्या.

गाडी तपासा आणि फोटो काढा

गाडी धुऊन कोरडी करा. सावलीत उभी करून प्रत्येक पट्टीच्या कडेवरून अंगठा हलका दाबत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या. घट्ट बसलेली ट्रिम दाबाला हलत नाही. सुटलेली किंचित आत जाते आणि अंगठा उचलताच टक् असा आवाज करून परत येते. त्या जागी फटीतून वाळलेल्या चिखलाची रेघ बाहेर पडते. जवळून पाहिलं तर क्लिपच्या जागी प्लास्टिकवर पांढुरकी रेषा दिसते, म्हणजे तिथे ताण येऊन ते फाटायच्या बेतात आहे. पट्टी ओढून पाहायचा मोह आवरा, तुटली तर तुम्हीच तोडली असं म्हणायला जागा होते.

फटीशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि गाडीचा नंबर दिसेल असा एक वेगळा फोटो घ्या. पंधरा दिवसांनी त्याच कोनातून पुन्हा काढा. फट वाढते आहे हे दाखवायला दोन फोटो पुरतात. वेगात शिट्टीसारखा आवाज येत असेल तर शेजारी बसलेल्या माणसाला मोबाइलवर तो रेकॉर्ड करायला सांगा.

पार्ट येईपर्यंत गाडी सुरक्षित ठेवा

घरी फेव्हिक्विक किंवा एम-सील लावू नका. रंग खराब होतो, सुकल्यावर ते कडक होऊन पहिल्या उन्हात तडकतं, आणि पुढे कंपनी म्हणते की जोडणीशी छेडछाड झाली. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून मिळतीजुळती पट्टी आणून बसवणंही टाळा, नाहीतर रिकॉलच्या कामात मूळ पार्ट कुठे गेला हा नवा वाद सुरू होतो.

सगळ्यात चांगला तात्पुरता उपाय म्हणजे सर्व्हिस सेंटरकडून सुटलेली ट्रिम काढून घेणं. गाडी काही दिवस विद्रूप दिसेल, दिसू दे. मात्र क्लिपांची भोकं बुजवून द्यायला सांगा, नाहीतर पावसात पाणी दारात उतरेल. काढलेला भाग तुमच्याकडे दिला की त्यांच्याकडे ठेवला, हे जॉब कार्डवर लिहून घ्या. काढता येणार नसेल तर चांगल्या प्रतीची कापडी टेप आडवी लावून घ्या आणि महामार्गावर जायचं शक्य तितकं टाळा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा ट्रिमच्या कडेवर मारू देऊ नका.

पट्टी रस्त्यात पडलीच, तर ती उचलायला वाहत्या रस्त्यावर धावू नका. गाडी कडेला घेऊन इंडिकेटर लावा आणि पट्टी मधल्या लेनमध्ये पडली असेल तर ११२ ला कळवा.

सर्व्हिस सेंटरमध्ये: जॉब कार्डशिवाय परत फिरू नका

सगळ्यात जास्त चूक इथे होते. लोक गाडी नेतात, सर्व्हिस ॲडव्हायझर बाहेर येऊन पट्टी बघतो, "पार्ट मागवतो" म्हणतो, आणि माणूस घरी येतो. कुठेही नोंद नाही. चार महिन्यांनी विचारलं की तुमची गाडी आलीच नव्हती असं कळतं.

गाडी आत घ्यायला लावा आणि जॉब कार्ड उघडायला सांगा. त्यात चेसिस नंबर, किलोमीटर, कोणती ट्रिम किती सुटली आहे आणि "रिकॉल दुरुस्ती, पार्ट उपलब्ध नाही" ही वाक्यं असली पाहिजेत. "ग्राहकाची सर्वसाधारण तक्रार" एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका. पार्ट नंबर आणि तो मागवल्याचा ऑर्डर क्रमांक मागा. ऑर्डर क्रमांक नसेल तर पार्ट मागवलेलाच नाही असं समजा. एका सेंटरला जमत नसेल तर पिंपरी-चिंचवड किंवा हडपसरकडच्या दुसऱ्या अधिकृत सेंटरला तोच पार्ट नंबर सांगून विचारा. गाडी जिथे घेतली तिथेच रिकॉलचं काम करावं लागतं असं नाही.

कंपनीला पत्र

डीलर आणि कंपनी वेगळे आहेत. रिकॉलची जबाबदारी कंपनीची, म्हणून पत्र कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला ईमेलने आणि नोंदणीकृत कार्यालयाला स्पीडपोस्टने पाठवा, प्रत डीलरला द्या. मजकूर असा ठेवता येईल:

"माझी गाडी (नोंदणी क्र. ..., चेसिस क्र. ...) आपल्या रिकॉलमध्ये समाविष्ट आहे. दि. ... रोजी आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी झाली, जॉब कार्ड क्र. ... सोबत जोडले आहे. मागील डाव्या दारावरील मोल्डिंग ... सेंटीमीटर सुटलेले आढळले. पार्ट उपलब्ध नसल्याने दुरुस्ती झालेली नाही. हा भाग रस्त्यावर पडून इतरांना इजा होण्याचा धोका आहे. कृपया दुरुस्तीची निश्चित तारीख, तोपर्यंतची मोफत तात्पुरती व्यवस्था आणि या तक्रारीचा क्रमांक पंधरा दिवसांत लेखी कळवावा."

धोक्याचं वाक्य गाळू नका. या पत्रानंतर कंपनीला धोका माहीत नव्हता असं म्हणता येत नाही. रिकॉल जाहीर होण्याआधी तुम्ही याच दोषासाठी पैसे भरले असतील तर बिलाची प्रत जोडून परतावा मागा.

फोनवर काही सांगितलं गेलं तर त्याच दिवशी ईमेल करा: "आज आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या महिन्यात पार्ट येईल असे सांगितले, याची नोंद घ्यावी." तोंडी शब्दाचा कागद असाच तयार होतो.

सरकारकडे नोंद

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं. गाडीतल्या दोषामुळे पर्यावरणाला, गाडीतल्या माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल तर केंद्र सरकार कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं. "रस्त्यावरच्या इतरांना" हे शब्द आपल्या कामाचे आहेत, सुटणारी ट्रिम नेमकी तिथेच बसते. यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ते सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहेत आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे.

वाहन पोर्टलवर रिकॉलच्या विभागात मालकाला स्वतः तक्रार नोंदवता येते. त्या मॉडेलची वार्षिक विक्री किती आणि तक्रारी किती, यावरून चौकशी सुरू होते. त्यामुळे एकाच मॉडेलचे मालक एकमेकांना ओळखत असतील तर प्रत्येकाने आपापली तक्रार नोंदवावी. सगळ्यांच्या वतीने एकाने केलेली तक्रार एकच मोजली जाते. ज्यांची गाडी यादीत नाही पण ट्रिम तशीच सुटते आहे, त्यांनी तर नक्की नोंदवावी.

ग्राहक म्हणून दाद

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. ती न्यायालय नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते, पण तक्रारीचा नोंद क्रमांक (डॉकेट क्रमांक) मिळतो. ग्राहक चळवळीच्या बाबतीत पुणेकर भाग्यवान आहेत: बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची सुरुवात १९७४ मध्ये इथेच केली, आणि कागद घेऊन गेलात तर कार्यकर्ते आजही मार्गदर्शन करतात.

त्यानंतर वकिलामार्फत किंवा स्वतः नोटीस, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी. गाडीची दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात. शुल्क अगदी कमी आहे: पाच लाखांपर्यंत काहीच नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० रुपये, पन्नास लाखांपर्यंत १,००० रुपये. वकील असलाच पाहिजे असं नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून "पार्ट येतोय, येतोय" ऐकत ती घालवू नका.

प्रतिवादी म्हणून कंपनी आणि डीलर दोघांनाही घ्या, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतील. टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्यांना "तुमचा वापर व्यावसायिक आहे" असं सांगून परतवलं जातं. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या गाडीचा मालक कायद्याने ग्राहकच ठरतो. एकाच दोषाने त्रासलेले अनेक मालक असतील तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एक तक्रारही करता येते.

पार्ट आल्यावर

गाडी देताना जुना भाग दाखवा म्हणून आधीच सांगा. नवी ट्रिम बसल्यावर तोच अंगठा पुन्हा कडेवरून फिरवा, दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का पाहा. जुन्या क्लिपा परत वापरल्या नाहीत ना, हे विचारा. चिकटवलेली पट्टी असेल तर किती तास धुवायची नाही आणि वेगात न्यायची नाही, हे लिहून घ्या. बिल शून्य रुपयांचं असलं तरी घ्या, त्यावर रिकॉलचा क्रमांक आणि बदललेल्या पार्टचा नंबर हवा. गाडी विकताना नवा मालक हेच बिल मागेल. वाहन पोर्टल आणि हेल्पलाइनवरची तक्रार मात्र बिल हातात आल्यावरच बंद करायला सांगा, त्याआधी नाही.