अकरा चाकू आणि एक रापी

मित्र गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा मुलगा बुटाचं खोकं घेऊन दारात उभा. "काका, बाबांचे चाकू. ह्यातले कस्टम कुठले तेवढं सांगा, बाकीचे देऊन टाकतो." म्हटलं, आधी आत ये, चहा घे, आणि काही देऊ नकोस. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत माझी तीस वर्षं हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून कडक करायच्या, भट्टीपुढं गेली. चाकूंचा नाद त्यातूनच लागला. पेपर पसरून आम्ही अकरा चाकू आणि एक गंजकी रापी, म्हणजे कातडं कापायचं हत्यार, मांडली. त्यांची वर्गवारी कशी लावली ते सांगतो, तुमच्याही घरात असं खोकं निघेल एखादवेळी.

पहिला ढीग करताना रूप बघायचं नाही. मूठ शिसवीची आणि रिंगा पितळी असल्या म्हणजे चाकू कस्टम होत नाही. विचारायचं एवढंच, की कुठलं काम कुणी केलं? पातं कुणी घडवलं, घासलं कुणी, पाणी कुणी दिलं (तापवून, बुडवून कडक कुणी केलं), मूठ कुणी बसवली? कारखान्यात एकसारखे हजारो निघाले, तो प्रॉडक्शन. डिझाइन कारागिराचं, पण पाती लेझरवर किंवा सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, कापून आणली आणि शेवटची घासणी-जोडणी तेवढी त्यानं केली, तो मिडटेक. ह्या शब्दाची हद्द म्हणजे शेताचा बांध, जो तो आपल्या सोयीनं सरकवतो. कारागिरानं आपल्या वर्कशॉपात हातानं केलेला, तो हँडमेड. तो करताना ग्राइंडर किंवा पॉवर हॅमर वापरला तरी बिघडत नाही, हात त्याचा पाहिजे.

आणि कस्टम? काटेकोर बोलायचं तर गिऱ्हाइकानं सांगून करून घेतलेला. कारागिरानं स्वतःच्या मनानं करून प्रदर्शनात टेबलावर ठेवलेला चाकू कितीही देखणा असला तरी तो हँडमेडच. बाजारात दोन्हींना सर्रास कस्टम म्हणतात, म्हणून विकत घेताना विचारून घ्यायचं. पोरगा रापी बाजूला टाकत होता, तिथं मी त्याला थांबवलं. त्याच्या आजोबांचं चपलांचं काम सुभाषनगरात. आजोबांनी ती लोहाराकडून आपल्या हाताच्या मापानं करून घेतलेली. पातं झिजून निम्मं झालंय, मुठीला अंगठ्याचा खळगा पडलाय. त्या खोक्यात खऱ्या अर्थानं कस्टम असं ते एकच हत्यार होतं.

त्यापुढचा एक बारीक भेद संग्राहक फार मानतात: सोल ऑथरशिप. म्हणजे पोलाद तापवण्यापासून म्यान शिवण्यापर्यंत सगळं एकाच माणसाचं. पाणी बाहेरून मारून आणलं की हा शिक्का गेला. माझ्या मते हे जरा अतीच. टेंपरेचर सांभाळणाऱ्या चांगल्या भट्टीतून आणलेलं पातं घरच्या अंदाजापेक्षा कधीही बरं. पण किमतीत फरक पडतो, म्हणून नोंद ठेवावी.

मग पद्धत. ठोकून घडवलेला की पट्टी कापून, घासून काढलेला? अमेरिकेत दोन्हींची मोठी घराणी आहेत. बॉब लव्हलेस घासणाऱ्यांचा, बिल मोरन ठोकणाऱ्यांचा. पॉलिश झाल्यावर नुसत्या डोळ्यानं ओळखणं अवघड. त्यात पट्टीचं काम कमी असं मुळीच नाही, कारण धार टिकते ती पाण्यावर. ठोकणाऱ्यांची संघटना, अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी, 1976 ची. त्यांच्या परीक्षेत एकच चाकू लोंबता एक इंची दोर एका घावात कापतो, लाकडी फळी दोनदा तोडतो, त्यावरही हातावरचे केस काढतो आणि शेवटी शिकंज्यात 90 अंश वाकवतात. धार कडक आणि पाठ मऊ ठेवल्याशिवाय हे जमणं अवघड. भट्टीवाल्याला ह्यातली गंमत कळते.

पोलादाची नोंद नावानिशी करा. उद्यमनगरातल्या कारखान्यांतल्या माणसाला ईएन-31 म्हणजे बेअरिंगचं, डी-2 म्हणजे डायचं, हे सांगावं लागत नाही. ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता उत्तम होतो, पण पट्टी भंगारातली असेल तर तसंच लिहा, ग्रेड ठोकून देऊ नका.

लाटालाटांच्या दमास्कसला, म्हणजे दोन पोलादांचे थर जोडून घडवलेल्या नक्षीदार पात्याला, मी स्वतः फसलोय. एका प्रदर्शनातून 2,800 रुपयांना घेतलेल्या चाकूवर मुठीजवळ 400 नंबरचा पॉलिशपेपर मारला आणि नक्षी पुसली गेली. खऱ्या दमास्कसवरही ती पुसट होते, पण फेरिक क्लोराइडच्या पातळ पाण्यात बुडवलं की परत उठते, कारण थर आरपार असतात. त्यातलं निकेलवालं पोलाद चकचकीत राहतं, दुसरं काळं पडतं. माझं पातं सगळं एकसारखं करडं झालं. नक्षी नुसती वरवर कोरलेली. फेरिक क्लोराइड सर्किट बोर्डाच्या कामासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. हातमोजे घाला, आणि ही परीक्षा मुठीआडच्या कोपऱ्यावरच करा.

घडीचे चाकू कुलपावरून लावायचे: नुसत्या स्प्रिंगवर अडणारे, लायनर लॉक (मुठीतली पातळ पट्टी पात्यामागं अडते), फ्रेम लॉक (मुठीची चौकटच अडते). आमच्या खोक्यात दोनच होते, दोन्ही प्रॉडक्शन.

दोन गोष्टी मात्र ढीग करण्याआधीच बघा. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल आणि ते घरकामाचं, शेतीचं किंवा कारखान्याचं नसेल, तर ते शस्त्र नियमांत येतं. मूठ सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची असेल, तर मामला वन्यजीव कायद्याचा, विकायचं नावच काढू नका. आमच्यात एक मूठ शिंगाची निघाली. सुदैवानं म्हशीच्या.

शेवटी प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली: कुणी केला, कुणासाठी, कुठलं काम कुणाचं, पोलाद, साल. जे माहीत नाही ती ओळ कोरी. अकरांत सहा प्रॉडक्शन, एक मिडटेक, चार हँडमेड. चाकू कातडी म्यानातून काढून ठेवले, कमावलेलं कातडं ओल धरतं आणि पातं खातं. रापीला पोरगा पॉलिशपेपर लावायला निघाला होता. त्याच्या हातात शिलाई मशीनचं तेल आणि फडकं दिलं.