निरीक्षणात्मक विश्वरचनाशास्त्रातला पोस्टडॉक: अर्ज करण्याआधी

गणपती जवळ आले की पीएचडीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींचे मेसेज यायला लागतात. पोस्टडॉकबद्दलचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या नोकरीबद्दलचा, प्रश्न बहुतेक एकच असतो: "कुठे कुठे अप्लाय करू?" मी वीक लेन्सिंगमध्ये काम करते. दूरच्या दीर्घिकांच्या आकारात मधल्या डार्क मॅटरमुळे (न दिसणाऱ्या द्रव्यामुळे) पडलेला बारीकसा पीळ मोजायचा आणि त्यावरून विश्वात द्रव्य कसं विखुरलंय ते काढायचं, असं हे काम. पीएचडी पुण्यात, पुढे परदेशात पोस्टडॉक, आणि आता अधूनमधून टेबलाच्या पलीकडे बसून इतरांचे अर्ज वाचणं. त्यामुळे संस्थांची यादी मागणाऱ्यांना मी उलट विचारते: तुझा डेटा कोणता, आणि त्यातली कोणती गडबड तुला पकडता येते?

हे विचारायचं कारण आमच्या कामातच आहे. लेन्सिंगमुळे दीर्घिकेच्या आकारात पडणारा फरक जेमतेम एक टक्क्याचा. दीर्घिका मुळातच वेगवेगळ्या आकारांच्या, त्यात वातावरण आणि दुर्बीण प्रतिमा आणखी बिघडवतात. म्हणून आधी त्याच चित्रातले तारे घ्यायचे. तारा म्हणजे ठिपकाच दिसायला हवा. तो किती फाकलाय आणि कुठल्या दिशेला झुकलाय हे मोजून मॉडेल बांधायचं आणि त्या हिशोबाने दीर्घिकांचे आकार दुरुस्त करायचे. दुरुस्तीनंतर उरलेल्या फरकाच्या छोट्या छोट्या रेघा आलेखावर काढतात. त्या कशाही विखुरलेल्या असल्या तर ठीक. कॅमेऱ्याच्या एका कोपऱ्यातल्या सगळ्या रेघा एकाच दिशेला कललेल्या दिसल्या, की पुढचे काही आठवडे त्यातच गेले समजा. अंतराचंही तेच. कोट्यवधी दीर्घिकांचे वर्णपट घेता येत नाहीत, म्हणून पाच-सहा फिल्टरमधल्या तेजस्वितेवरून रेडशिफ्टचा, म्हणजे प्रकाश लाल रंगाकडे किती सरकलाय याचा, अंदाज करायचा आणि त्यावरून अंतर काढायचं. हा अंदाज जरा सरकला की उत्तरही सरकतं.

किती सरकतं, त्याचं ताजं उदाहरण बघा. द्रव्य किती गुठळ्या करून साठलंय हे सांगणारा एस-८ नावाचा आकडा आहे. विश्वाच्या सुरुवातीच्या काळातला प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापांवरून तो ०.८३ च्या आसपास येतो. किड्स या वीक लेन्सिंगच्या सर्वेक्षणाच्या २०२० च्या निकालात तो ०.७६ च्या जवळ होता, सुबारू दुर्बिणीवरच्या हायपर सुप्रीम-कॅमच्या २०२३ च्या विश्लेषणात ०.७७ च्या आसपास. नव्या भौतिकशास्त्राची चाहूल लागली म्हणून शेकडो पेपर झाले. मग २०२५ मध्ये किड्सच्याच संपूर्ण डेटाचा निकाल आला: ०.८१५, प्लँकशी जुळणारा. आकाशाचा भाग वाढला होता, प्रतिमांवरची प्रक्रिया सुधारली होती, आणि मुख्य म्हणजे रेडशिफ्टचं कॅलिब्रेशन पक्कं झालं होतं. वाद त्याने संपला असं नाही. पण ते कॅलिब्रेशन ज्यांना जमतं, त्यांच्या अर्जाकडे निवड समिती कशी बघत असेल ते तुमच्या लक्षात येईल. आपल्याकडे सीव्हीत "डार्क एनर्जीची मॉडेल्स" ठळक अक्षरांत लिहितात आणि "फोटो-झेड व्हॅलिडेशन" (फिल्टरवरून काढलेल्या रेडशिफ्टची पडताळणी) तळाशी ढकलतात. मला हे उलटं हवं.

आता डेटाविषयी. पुढच्या काही वर्षांतल्या जागा कुठे निघणार हे सर्वेक्षणांवरून कळतं. अॅरिझोनातल्या किट पीकवर चार मीटरच्या मेयॉल दुर्बिणीला ५,००० रोबॉटिक फायबर जोडून 'डेझी' वर्णपट घेतंय; त्याचा पहिला डेटा मार्च २०२५ मध्ये सगळ्यांना खुला झाला. युक्लिड ही अवकाश दुर्बीण जुलै २०२३ मध्ये अवकाशात गेली. चिलीतल्या रुबिन वेधशाळेची दुर्बीण ८.४ मीटरची, कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा, आणि सर्वेक्षण दहा वर्षांचं. सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीवर (प्लँकने मोजलेल्या त्या सुरुवातीच्या प्रकाशावर) काम करणाऱ्यांसाठी अटाकामात सायमन्स ऑब्झर्व्हेटरी आहे. पण सगळा डेटा सगळ्यांना लगेच मिळत नाही. रुबिनचे अलर्ट (आकाशात काही बदललं की निघणाऱ्या सूचना) तत्काळ खुले होतात. मोठे डेटा संच मात्र आधी अमेरिका-चिलीतल्या शास्त्रज्ञांना आणि योगदान देऊन हक्क मिळवलेल्या गटांना मिळतात, इतरांना दोन वर्षांनी. इतर कोलॅबोरेशनमध्येही (अनेक संस्थांनी मिळून चालवलेल्या प्रकल्पांतही) सभासदत्व बऱ्याचदा संस्थेमार्फत असतं. म्हणून मुलाखतीत बिनधास्त विचारा: मला पहिल्या दिवसापासून डेटा मिळेल का? आणि करार संपून मी दुसरीकडे गेले तर अर्धवट पेपरचं काय? होणाऱ्या बॉसला असं कसं विचारायचं, असा संकोच आपल्याला वाटतो. तिकडे तो प्रश्न रोजचा आहे.

जागा ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक, फेलोशिप: प्रकल्प तुमचा, पैसे तुमच्या नावाने. नासा हबल फेलोशिप (त्यातले आइन्स्टाइन आणि हबल हे दोन विभाग आपल्या विषयाला लागू पडतात), युरोपातली मारी क्युरी, जर्मनीतल्या गार्खिंगला किंवा चिलीत बसून करायची ईएसओ (युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी) फेलोशिप, जपानची जेएसपीएस. दुसरा प्रकार म्हणजे एखाद्या प्राध्यापकाच्या ग्रँटवरची जागा, जिथे काम आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे पहिल्या प्रकाराला फार वलय आहे. मी मात्र बहुतेकांना दुसरीही तितक्याच गांभीर्याने भरायला सांगते. मोठ्या सर्वेक्षणात आत शिरायचा तो सरळ रस्ता आहे, आणि पाइपलाइनचा (डेटावर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) एखादा तुकडा तुमच्या हाती आला की वर्षभरात तुम्हाला नावाने ओळखणारी माणसं तयार होतात.

वेळापत्रक साधारण असं. मारी क्युरीची मुदत सप्टेंबरात, ईएसओची ऑक्टोबरच्या मध्याला, हबलची नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ग्रँटवरच्या बहुतेक जागांची नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे ऐन दिवाळीत. घरी चकल्या तळल्या जात असताना तुम्ही रिसर्च स्टेटमेंट कापत असाल, हे आधीच सांगून ठेवा. जाहिराती मुख्यतः अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जॉब रजिस्टरवर येतात. होस्ट (तुम्हाला आपल्या गटात घेणारा प्राध्यापक) लागणाऱ्या फेलोशिपसाठी संबंधित प्राध्यापकांना जुलै-ऑगस्टमध्येच लिहा. मारी क्युरीची एक अट नीट वाचा: मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत, जिथे जायचं त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही, आणि मुदतीपर्यंत पीएचडीचा व्हायवा (तोंडी परीक्षा) पार पडलेला हवा. थिसिस सबमिट करून व्हायवाची वाट बघणाऱ्यांची इथेच दांडी उडते.

अर्जातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे शिफारसपत्रं. तीन लागतात. भारतातून येणारी बरीच पत्रं "मेहनती, प्रामाणिक, वर्तणूक उत्तम" अशी असतात. ती शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखी वाचली जातात. समितीला हवं असतं ते हे: या मुलीने नेमकं काय केलं, तिच्याशिवाय ते झालं असतं का, आणि याआधी इथून गेलेल्यांच्या तुलनेत ती कुठे बसते. सरांना असं लिहा म्हणून सांगणं अवघड, मान्य. त्यावर उपाय म्हणजे त्यांना आपणच एक पान टिपणं द्यायची: कोणत्या पेपरमधली कोणती आकृती माझी, कोणता कोड माझा, कोणती चूक मी शोधली. चांगले गाईड यासाठी आभारच मानतात. तीनपैकी एक पत्र आपल्या संस्थेबाहेरचं असू द्या, शक्यतो कोलॅबोरेशनमधल्या कुणाचं. आणि लेखकांची नावं वर्णानुक्रमे लागलेल्या पेपरखाली सीव्हीत एका ओळीत आपलं योगदान लिहा, नाहीतर पन्नासावं नाव कुणी शोधत बसत नाही.

मुलाखत झूमवर, अर्ध्या तासाची. मला विचारलेला आणि आता मी हटकून विचारते तो प्रश्न: "तुमच्या पेपरमधल्या कोणत्या आकृतीवर तुमचा सगळ्यात कमी विश्वास आहे?" "सगळ्या बरोबर आहेत" म्हणणाऱ्याचं पुढे फारसं काही होत नाही. आमच्याकडे विश्लेषणं ब्लाइंड ठेवून करतात, म्हणजे खरं उत्तर शेवटपर्यंत आपल्यापासूनच लपवून ठेवायचं, कारण मनाजोगता आकडा आला की माणूस चुका शोधायचं थांबवतो. अशा ठिकाणी शंका घेता येणं हीच पात्रता.

बाहेरच जायला हवं का? नाही. पुण्यातल्या आयुका आणि एनसीआरए, मुंबईतली टीआयएफआर, बंगळुरूच्या आयआयए आणि आरआरआय या संस्थांत पोस्टडॉकच्या जागा निघतात; शिवाय केंद्र सरकारच्या एएनआरएफची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे, वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३५. रेडिओत रस असेल तर नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या ३० अँटेना उभ्या आहेत, आणि हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ संकेतावर तिथे गंभीर काम चालतं. आरआरआयच्या सारस-३ या रेडिओ प्रयोगाची गोष्ट तर मी प्रत्येकाला सांगते. २०१८ मध्ये एजेस या रेडिओ प्रयोगाने पहिल्या ताऱ्यांच्या काळातला हायड्रोजनचा संकेत सापडल्याचं जाहीर केलं. आपल्या मंडळींनी अँटेना तराफ्यावर ठेवून कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावावर आणि शरावतीच्या बॅकवॉटरमध्ये सोडली, कारण जमिनीखालच्या थरांचा त्रास पाण्यावर टळतो. २०२२ मध्ये त्यांनी दाखवलं की एजेसने सांगितलेला संकेताचा तो आकार सारसच्या डेटात दिसत नाही. तराफ्यावरच्या त्या प्रयोगाची जगभर दखल घेतली गेली.

पैशांचं थोडक्यात. युरोपात करार आहे की स्टायपेंड ते विचारा. स्टायपेंडमध्ये विमा, पेन्शन बऱ्याचदा नसतं. अमेरिकेत जे-१ व्हिसा असेल तर दोन वर्षं मायदेशी राहायची अट आपल्याला लागू आहे का ते सही करण्याआधी बघा.

ऑफर आली म्हणून लगेच हो म्हणू नका. उमेदवाराला १५ फेब्रुवारीआधी उत्तर द्यायला भाग पाडू नये, असा संकेत खगोलशास्त्रात आहे. युरोपातल्या सगळ्या जागा तो पाळत नाहीत, तेव्हा मुदत वाढवून मागावी लागते. नम्रपणे मागितली तर बऱ्याचदा मिळते. त्या तारखेनंतर नकार दिलेल्या जागा फिरत फिरत मार्च-एप्रिलपर्यंत वेटिंग लिस्टवर येतात, त्यामुळे फेब्रुवारीत काहीच नसलं तरी मेल बघत राहा. दरम्यान विद्यापीठात थिसिसच्या परीक्षकांचे अहवाल आले का याचा पाठपुरावा करा आणि व्हायवा झाला की त्याच आठवड्यात प्रोव्हिजनल सर्टिफिकेटचा अर्ज टाका. व्हिसा आणि रुजू होण्याची तारीख या दोन्ही गोष्टी शेवटी त्याच कागदावर अडतात.