दुपारी सोलर ट्रिप होतंय? इन्व्हर्टरची सेटिंग अशी करा

थंडीत आपल्या चोपडा-अमळनेरकडे दुपारी ऊन कडक, कूलर बंद, घरात वापर जवळपास नाहीच, आणि एकाच डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे सोलर लाईनमध्ये वीज ढकलतात, मग व्होल्टेज चढतं आणि २५३ च्या वर गेलं, म्हणजे २३० वर १० टक्के, की इन्व्हर्टर बंद. तेही सगळे सोबतच, म्हणून व्होल्टेज धाडकन पडतं, थोड्या वेळाने सगळे परत चालू, परत तेच. जर्मनीत हेच फ्रिक्वेन्सीचं झालं होतं, ५०.२ हर्ट्झला सगळे एकदम बंद होतील अशी सेटिंग होती, ती २०१२ पासून जुन्या इन्व्हर्टरवर बदलत बसावं लागलं.

"बंद होण्याची लिमिट २७० करून टाका" म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, शेजाऱ्याचा फ्रिज जळेल.

आधी भर दुपारी इन्व्हर्टरवर आणि मीटरवर एकाच वेळी व्होल्टेज मोजा. ७-८ व्होल्टचा फरक आला तर दोष तुमच्याच वायरीत. ५ किलोवॅटला ४० मीटर अंतरावर ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर असेल तर तेवढा फरक पडतोच, १० स्क्वेअर एमएम टाका, ३ वर येईल.

आता खरी अवघड जागा, रिॲक्टिव्ह पॉवर, म्हणजे काम न करता लाईनमध्ये नुसती ये-जा करणारी वीज. इन्व्हर्टरने ती लाईनमधून ओढली तर व्होल्टेज उतरतं, सोडली तर चढतं, आणि कुठल्या कंपनीच्या मेनूत 'लॅगिंग' म्हणजे ओढणं तर कुठे नेमकं उलटं. मी एका ठिकाणी मॅन्युअलवर भरवसा ठेवून लावलं आणि निघून आलो, दुसऱ्या दिवशी ट्रिप दुप्पट झाले होते. तेव्हापासून कागद बघत नाही, मीटर बघतो. पॉवर फॅक्टर (एकूण विजेत कामाच्या विजेचा वाटा) ५ मिनिटं ०.९ वर फिक्स करा, शेजारचं सोलरही चालूच असू द्या आणि आकडा बघा. उतरला तर बरोबर, चढला तर चिन्ह उलटं आहे, लगेच बदला. एलटी लाईनवर (डीपीपासून घरापर्यंतची लाईन) २-३ व्होल्टच मिळतात पण तेवढ्याने ट्रिप टळतो. केव्हीएएच बिलिंग (रिॲक्टिव्हसकट मोजणी) असेल तर आधी बिलाचा हिशोब करा.

मग व्होल्ट-व्हार, म्हणजे व्होल्टेज चढेल तशी रिॲक्टिव्ह आपोआप ओढणं, २४० पासून सुरू, २४८ ला पूर्ण. त्यापुढे व्होल्ट-वॅट, म्हणजे २४८ ते २५२ मध्ये पॉवर हळूहळू कमी. थोडे युनिट जातील, जाऊ द्या, पूर्ण बंद होण्यापेक्षा बरं. हे सगळं इन्स्टॉलर पासवर्डने आणि महावितरणच्या अटींमध्ये बसवूनच.

एवढं करूनही मीटरवरच २५० च्या वर राहत असेल तर डीपीचा टॅप (व्होल्टेज वर-खाली करायची जोडणी) उतरवण्यासाठी लेखी अर्ज द्या, दुपारच्या रीडिंगचे फोटो जोडून.