स्पायनल मॉर्फिन देणाऱ्या नव्या रेसिडेंटसाठी

मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी ओपिऑइड औषधं पेशीवर ज्या जागी चिकटतात तो म्यू रिसेप्टर तुम्हाला पाठ असतो. तरी तोंडी परीक्षेत दोन वाक्यांची अदलाबदल हमखास होते. मज्जारज्जूच्या डॉर्सल हॉर्नमध्ये (मागच्या भागात), मुख्यतः लॅमिना २ या थरामध्ये, वेदना वाहणाऱ्या सी आणि ए-डेल्टा तंतूंच्या टोकांवर ओपिऑइड कॅल्शियमची वाट बंद करतं, म्हणून ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही वेदनेचा निरोप नेणारी रसायनं कमी सुटतात. पुढच्या पेशीत ते पोटॅशियमची वाट उघडतं, मग ती सहजी पेटत नाही. बधीर करणारी औषधं जी बंद करतात त्या सोडियम चॅनेलचा इथे संबंधच नाही, म्हणून रुग्णाला स्पर्श कळतो, पायही हलतात.

खरा खड्डा पुढे आहे. मॉर्फिन पाण्यात विरघळणारं, म्हणजे लवकर निघून जाईल, असं वाटतं. होतं उलट. फेंटानिल चरबीत विरघळतं, म्हणून सीएसएफमधून (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातून) झटकन मज्जारज्जूत आणि रक्तात शिरतं. ५-१० मिनिटांत लागू, २-४ तासांत खल्लास. मॉर्फिन मात्र सीएसएफमध्येच रेंगाळतं. लागू व्हायला पाऊण-एक तास घेतं, १८-२४ तास टिकतं आणि तोवर हळूहळू वर सरकत मेंदूच्या बुंध्याशी पोहोचतं. श्वास मंदावायचा तो ६ ते १८ तासांनी, तुमची ड्यूटी संपल्यावर. म्हणून पहिले १२ तास दर तासाला, पुढचे १२ तास दर दोन तासांनी श्वास मोजायचे, पूर्ण मिनिटभर, आणि गुंगी बघायची; बहुधा तीच आधी येते. ऑक्सिजन लावलेला असताना नुसत्या पल्स ऑक्सिमीटरवर विसंबणं हा शुद्ध आळस. तो ९८ दाखवत असतो आणि आत कार्बन डायऑक्साइड चढत असतो.

सिझेरियनला १००-१५० मायक्रोग्रॅम पुरे. त्यापुढे खाज वाढते, आराम फारसा नाही. अँप्यूल प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलीच घ्या. १ मिलित १० मिलिग्रॅम असेल तर ते १० मिलि करा, त्यातलं १ मिलि पुन्हा १० मिलि करा: आता १ मिलित १०० मायक्रोग्रॅम. दुसरी पायरी राहिली की दसपट डोस. 'पातळ न करताच इन्सुलिन सिरिंजने एक युनिट ओढ' हा सीनियरचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. १०० युनिटवाल्या सिरिंजवर ते १०० मायक्रोग्रॅमच होतं, पण ४० युनिटवाली हाती आली तर २५०.

खाजेला घाबरू नका, ती ॲलर्जी नव्हे. नेमका डोस आणि ठरल्या वेळच्या नोंदी असतील तर श्वास गंभीरपणे मंदावणं विरळाच. मंदावलाच, तर ओपिऑइडचा उतारा म्हणजे नॅलॉक्सोन ४०-८० मायक्रोग्रॅम, थांबून थांबून. तासाभरात त्याचा असर ओसरतो, मॉर्फिन तिथेच असतं. जागा झालेला रुग्ण पुन्हा गुंगीत जातो, म्हणून नॅलॉक्सोनच्या इन्फ्यूजनची (शिरेतून सतत देण्याची) तयारी ठेवूनच त्याचा पहिला डोस द्या.