शिताकेच्या ओंडक्यांची पूर्वतयारी

महाराष्ट्रात अळंबी म्हटले की पेंढ्याच्या पिशवीत थोड्या आठवड्यांत तयार होणारी धिंगरी आठवते; ओंडक्यावर वाढणारी शिताके ही जपानी अळंबी मात्र दोन उन्हाळे वाट पाहायला लावते, त्यामुळे तिच्या तयारीत घाईला जागा नाही. जपानच्या ओइता प्रांतातील कुनिसाकी द्वीपकल्पात शेतीलगतच्या रानातून हे पीक घेतले जाते, आणि तेथील रान, तळी व शेती यांच्या एकत्रित पद्धतीला 2013 मध्ये जागतिक कृषी वारशाचा दर्जा मिळाला. पुढील तयारी त्याच पद्धतीला धरून आहे.

सर्वप्रथम लाकूड निश्चित करावे. तेथे ओकच्या गटातील कुनुगी हे झाड सुमारे 15 वर्षांचे झाले की तोडतात. राहिलेल्या बुंध्याला फुटवे येतात आणि तितक्याच काळात पुन्हा तोडण्याजोगे झाड उभे राहते, म्हणून रानाचे वाटे पाडून दरवर्षी एकाच वाट्यातील झाडे घ्यावीत. तोड शरद ऋतूत, पाने पिवळी पडू लागताच करावी, कारण त्या वेळी लाकडात अन्नसाठा भरपूर असतो आणि साल घट्ट बसलेली असते. सालीची काळजी सर्वांत जास्त घ्यावी, असे माझे ठाम मत आहे: ओढताना किंवा रचताना ती सोलली गेली, तर ओंडका तेथून सुकतो आणि परक्या बुरशीला वाट मिळते.

तोडलेले झाड फांद्या-पानांसह काही आठवडे तसेच पडू द्यावे, म्हणजे पानांवाटे ओल उडून लाकूड हळूहळू मरते. जिवंत लाकडात शिताकेचे तंतू (बुरशीचे धाग्यासारखे जाळे) नीट शिरत नाहीत आणि फार वाळलेल्या लाकडात ते जगत नाहीत. हिवाळ्यात सुमारे एक मीटर लांबीचे तुकडे पाडावेत.

शिताकेचे बीज, म्हणजे तिचे तंतू, रुजवलेल्या लाकडी खुंट्या वेळेवर मागवून थंड जागी ठेवाव्यात. जपानी संशोधक किसाकु मोरी यांनी 1940च्या दशकात या खुंट्या प्रचारात आणल्या; त्याआधी शेतकरी ओंडक्याला कोयत्याने खाचा पाडून वाऱ्याबरोबर येणाऱ्या बीजाणूंवर विसंबत. खुंटीच्या जाडीशी तंतोतंत जुळणारे ड्रिलचे बिट आणि हातोडी जवळ असावी. भोके आडव्या ओळींत एकाआड एक सरकवून पाडावीत, पाडली त्याच दिवशी भरावीत आणि खुंटी सालीच्या पातळीपर्यंत ठोकावी. हवा कोरडी असल्यास वर मेण लावावे.

जागा दोन लागतात. पहिल्या जागी ओंडके जमिनीपासून उचलून, हवा खेळेल असे रचून वर डहाळ्यांची सावली करावी. तंतू पसरल्यावर ते सदाहरित झाडांच्या सावलीत, पाण्याची सोय असलेल्या ओलसर जागी तिरपे उभे करावेत.

अळंबी वाळवण्याची भट्टी तिच्या पहिल्या काढणीपूर्वी तयार हवी. ओंडक्यावर रानटी अळंबीही उगवू शकते, म्हणून शिताके ओळखता येणारी जाणकार व्यक्ती सोबत असावी, शंका येईल ती अळंबी टाकून द्यावी, आणि शिताकेही नीट शिजवूनच खावी, कारण कच्ची खाल्ल्यास काहींच्या अंगावर खाज सुटणारे वळ उठतात. प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला वाण व वर्ष रंगाने लिहून ठेवावे.