मुलांमधला मधुमेह ओळखताना या चुका टाळा

वर्ष-दोन वर्षं अंथरूण कोरडं ठेवणारं मूल पुन्हा रात्री गादी ओली करू लागलं, की घरचे त्याला हट्टी ठरवतात, नाहीतर शाळेची भीती बसली म्हणतात. मग संध्याकाळनंतर त्याचं पाणी तोडतात. सगळ्यांत घातक चूक हीच. मधुमेहात रक्तातली साखर डेसिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही. साखर लघवीवाटे जाते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणजे मूल जास्त पाणी पितं म्हणून लघवी वाढलेली नसते, लघवी वाढल्यामुळे तहान लागलेली असते. पाणी तोडलं की मूल आणखी सुकतं. तहान भागवायला सरबत किंवा ज्यूस दिला, तर साखर आणखी चढते.

तान्ह्या बाळाला तहान सांगता येत नाही. त्याचा डायपर नेहमीपेक्षा जड लागतो का, वारंवार बदलावा लागतो का, औषध लावूनही जांघेतलं बुरशीचं पुरळ हटत नाही का, हे पाहा.

भरपूर जेवूनही कपडे सैल होत असतील, तर ‘उंची वाढतेय, म्हणून बारीक दिसतोय’ अशी समजूत घालून घेऊ नका. इन्सुलिन या संप्रेरकाशिवाय पेशींना साखर वापरता येत नाही, म्हणून शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळतं. त्यातून कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साठतात, रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या आणि पोटदुखी सुरू होते आणि निदान होतं ‘पोट बिघडलंय’. इथे एक खूण पक्की लक्षात ठेवा: उलट्या-जुलाबाने सुकलेल्या मुलाची लघवी कमी होते, मधुमेहात जीभ कोरडी पडलेली असते, डोळे खोल गेलेले असतात, तरी लघवी भरपूर होत राहते. श्वास खोल आणि भराभर चालतो, पण छाती साफ असते. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. असा श्वास किंवा गुंगी दिसली तर घरी तपासण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

पुढची चूक तपासणीतली. ‘उद्या सकाळी उपाशीपोटी करू’ म्हणून थांबू नका; टाइप १ मध्ये, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा मधुमेहात, एका रात्रीतही प्रकृती ढासळते. लक्षणं असताना कोणत्याही वेळची साखर २०० किंवा जास्त आली, तर तो मधुमेहच मानला जातो. ग्लुकोमीटर, म्हणजे घरी साखर मोजायचं यंत्र, वापरण्याआधी मुलाचे हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला लागलेलं गोड आकडा फुगवतं. यंत्रावर आकड्याऐवजी ‘हाय’ आलं, तर ते बिघडलेलं नसतं, साखर त्याच्या मोजमापापलीकडे गेलेली असते. आजार झपाट्याने आला असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी नॉर्मलही येऊ शकते. निव्वळ तिच्यावर विसंबू नका.

‘आमच्यात कुणाला शुगर नाही’ हाही आधार नाही. टाइप १ झालेल्या बहुतेक मुलांच्या जवळच्या नात्यात तो कुणालाच नसतो. आणि तो गोड खाल्ल्याने होत नाही, तेव्हा आईला बोल लावू नका. मानेवर, काखेत काळपट जाड कातडी आणि जास्त वजन असेल तर टाइप २ची, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही अशा मधुमेहाची, शंका घ्यावी. तपासणी मात्र तितकीच तातडीची.

टाइप १ मध्ये इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच मुलांना डोस कमी लागू लागतो. इन्सुलिन बनवणाऱ्या उरलेल्या पेशी काही काळ पुन्हा काम करतात, म्हणून असं होतं. आजार बरा झाला समजून इंजेक्शन बंद केलं, तर मूल पुन्हा त्याच अवस्थेत रुग्णालयात पोचतं.